बेकरी यीस्टवर लेप्टोमायसिन-बी चालत का नाही? सीआरएम१ जनुकाबद्दल मदत हवी

ऋजुता_सूक्ष्म

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. प्रकल्पात अडकलेय आणि इथे जीवशास्त्रातली बरीच माणसं लिहितात म्हणून विचारते. प्रश्न जरा लांबलाय, पण तपशील दिल्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही.

आमच्याकडे बेकरी यीस्टचा नेहमीचा बीवाय४७४१ स्ट्रेन आहे. त्यातल्या एका प्रथिनाच्या सी-टोकाला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेलं आहे. जीएफपी धरून हे प्रथिन शंभर किलोडाल्टनच्या वर जातं, म्हणजे केंद्रकाच्या छिद्रांतून आपोआप आतबाहेर झिरपण्यासारखं नाही. त्याच्या अनुक्रमात केंद्रकात शिरण्याचा संकेत स्पष्ट दिसतो. तरीही मायक्रोस्कोपखाली सगळी हिरवी चमक पेशीद्रवात असते आणि केंद्रकाच्या जागी काळसर डाग असतो. अनुक्रमात पुढे एके ठिकाणी ल्युसीन ही अमिनो आम्लं ठरावीक अंतराने येतात, केंद्रकाबाहेर नेणाऱ्या संकेतात येतात तशी. त्यावरून आम्हाला वाटतंय की प्रथिन आत जातं आणि सीआरएम१ (केंद्रकातून प्रथिनं बाहेर नेणारं वाहक प्रथिन) त्याला लगेच बाहेर काढतं.

पुस्तकात लिहिलंय की लेप्टोमायसिन-बी दिलं की सीआरएम१ बंद पडतं आणि अशी प्रथिनं केंद्रकात साठतात. ते औषध फार महाग आहे, विभागाने मुश्किलीने एक छोटी बाटली मागवून दिली. १०० नॅनोग्रॅम प्रति मिली या मात्रेने दिलं, अर्धा तास ठेवलं, एक तास ठेवलं. काहीही फरक नाही. पेशी मजेत वाढतायत.

सरांना वाटतं बाटली प्रवासात तापली असेल. लॅबमधले एक सीनियर म्हणतात की तुझं प्रथिन मुळात केंद्रकात जातच नाही, विषय सोडून दे. मला सोडून द्यायचं नाहीये. बाटली चांगली आहे की नाही हे कसं तपासू? आणि सीनियर म्हणतात ते खरं की खोटं, हे कशाने ठरवता येईल?

तुषार_पेशी

मी यीस्टवर काम करत नाही, हेला या मानवी पेशींवर करतो. आमच्याकडे लेप्टोमायसिन याच्या बऱ्याच कमी मात्रेत, १० ते २० नॅनोमोलरला, छान चालतं. तुझे १०० नॅनोग्रॅम म्हणजे साधारण १८५ नॅनोमोलर झाले, मात्रा कमी पडलेली नाही. शेजारच्या कुठल्या लॅबमध्ये मानवी पेशी वाढवत असतील तर बाटलीतला एक थेंब तिथे वापरून बघ. बाटलीचा निकाल लगेच लागेल. यीस्टची पेशीभित्तिका आड येत असेल का? माहीतगारांनी सांगावं.

मृण्मयी (डॅलस)

ऋजुता, तू म्हटलं तर चालेल ना? तुझी बाटली बहुतेक ठणठणीत आहे. बीवाय४७४१ लेप्टोमायसिनला दाद देत नाही, आणि यात पेशीभित्तिकेचा काही संबंध नाही. सगळं एका अमिनो आम्लावर अडलंय.

लेप्टोमायसिनच्या रेणूच्या एका टोकाला असंतृप्त लॅक्टोनचं कडं असतं. सीआरएम१ प्रथिनात ज्या खाचेत ल्युसीनवाला निर्यात-संकेत बसतो, त्याच खाचेत मानवी प्रथिनाच्या ५२८व्या जागी एक सिस्टीन आहे. त्या सिस्टीनचा गंधक लॅक्टोनशी सहसंयुज बंध करतो, औषध तिथेच चिकटून बसतं आणि संकेताला जागाच उरत नाही. पाँबे या विखंडन यीस्टमध्ये तेच सिस्टीन ५२९व्या जागी आहे. बेकरी यीस्टच्या सीआरएम१मध्ये ती जागा ५३९वी, आणि तिथे आहे थ्रिओनीन. थ्रिओनीनला गंधक नाही, त्यामुळे बंध होत नाही. तुझ्या पेशी मजेत वाढतायत त्या यामुळे. पुस्तकातलं वाक्य माणसाच्या आणि पाँबेच्या पेशींना लागू आहे, पण वाचणारा 'यीस्ट' म्हटलं की बेकरी यीस्टच धरतो. तुझ्या सरांनाही बाटलीचा संशय आला यात नवल नाही.

यावरचा उपाय मायकेल रॉसबॅश यांच्या लॅबने काढला. तेच रॉसबॅश, ज्यांना जैविक घड्याळासाठी २०१७चं नोबेल मिळालं. नेव्हिल आणि रॉसबॅश यांनी ५३९व्या जागचं थ्रिओनीन काढून सिस्टीन घातलं. तेवढ्याने बेकरी यीस्ट लेप्टोमायसिनला बळी पडू लागलं, एरवी पेशी नीट जगत होत्या. हे १९९९मधलं काम. तुला हा टी५३९सी स्ट्रेन हवाय. तो मागवता येतो किंवा स्वतः तयार करता येतो, त्याबद्दल खाली लिहिते.

आधी मात्र हे सांगते की त्यांना हा खटाटोप का करावा लागला, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

१९९७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गथ्री आणि वाइस यांच्या गटाने बेकरी यीस्टमध्ये सीआरएम१चा तापमानाला हळवा म्युटंट बनवला, एक्सपीओ१-१. (सीआरएम१ आणि एक्सपीओ१ ही एकाच जनुकाची दोन नावं आहेत, शोधताना दोन्ही टाक.) पेशी ३७ अंशांवर नेल्या की काही मिनिटांत निर्यात-संकेत असलेली प्रथिनं केंद्रकात साठायची. केंद्रकातून प्रथिनं बाहेर नेणारा वाहक तो हाच, हे यीस्टमध्ये त्यातून पक्कं झालं. त्याच वर्षी हायडेलबर्ग, क्योटो आणि पॅरिसच्या गटांनी वेगवेगळ्या वाटांनी तेच दाखवलं. पण एक्सपीओ१-१ पेशींमध्ये आणखी एक गोष्ट दिसली: संदेशवाहक आरएनएसुद्धा (एमआरएनए) केंद्रकात अडकत होता. मग सीआरएम१ प्रथिनांबरोबर एमआरएनएही नेतं का? दिसायला तर तसंच दिसत होतं.

नेव्हिल आणि रॉसबॅश यांनी टी५३९सी पेशींना लेप्टोमायसिन देऊन हाच प्रश्न पुन्हा विचारला. तापमान बदलायचं नाही, प्रथिन बिघडलेलं नाही, फक्त एका क्षणी खाच बंद करायची. संकेतवाल्या प्रथिनांची निर्यात थांबली. एमआरएनएची वाहतूक मात्र बरीचशी चालू राहिली. बेकरी यीस्टमध्ये एमआरएनए बाहेर जाण्याचा मुख्य रस्ता सीआरएम१ नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो मुख्य रस्ता एमईएक्स६७ या दुसऱ्या वाहकाचा, हे आज सगळे मानतात.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. म्युटंट तोच प्रश्न विचारतो आणि औषधही तोच प्रश्न विचारतं, तरी उत्तरं वेगळी येतात. ३७ अंशांचा ताण, अडकलेल्या इतर प्रथिनांचे पुढचे परिणाम, सगळं म्युटंटच्या उत्तरात मिसळलेलं असतं. म्हणून तुझ्या प्रथिनाबद्दल 'सीआरएम१ याला बाहेर काढतं' असं लिहायचं असेल तर टी५३९सीवर लेप्टोमायसिन देऊनच बघ, आणि तेही लवकर: दहा मिनिटं, वीस मिनिटं. तासाभराने दिसलेल्या बदलावर मी फार भरवसा ठेवत नाही.

आता तुझ्या सीनियरचा मुद्दा. तो उडवून लावण्यासारखा नाही. टाकीत वरून नळ चालू असेल आणि तळाला भोक असेल, तर भोक बुजवल्यावर पाणी चढतं. नळच बंद असेल तर भोक बुजवून काहीच दिसत नाही. टी५३९सीमध्ये औषध दिलं आणि प्रथिन केंद्रकात साठलं, तर दोन्ही गोष्टी एकदम सिद्ध होतात: ते आत जातं आणि सीआरएम१च्या वाटेने बाहेर येतं. साठलं नाही, तर मात्र तीन शक्यता उरतात: आत जात नाही, फार हळू जातं, किंवा दुसरा वाहक बाहेर काढतो. त्या वेळी सीनियरचं बरोबर असू शकेल.

सोबत हे कंट्रोल हवेतच. तोच स्ट्रेन, पण साधं सीआरएम१ असलेला, त्यालाही लेप्टोमायसिन. टी५३९सीला नुसतं द्रावक, म्हणजे तुझी बाटली ज्यात विरघळवलेली आहे ते मिथेनॉल किंवा इथेनॉल, तेवढ्याच प्रमाणात. आणि हमखास हलणारा एक रिपोर्टर, म्हणजे औषध लागू पडलं की जागा बदलून दाखवणारं चमकतं प्रथिन. वाइस लॅबचा पीकेडब्ल्यू४३० नावाचा प्लाझ्मिड (पेशीत घालायचं डीएनएचं छोटं कडं) यासाठी छान आहे: एसव्ही४० विषाणूचा आत नेणारा संकेत, पीकेआय प्रथिनाचा बाहेर नेणारा संकेत आणि एकापाठी एक दोन जीएफपी. एकटा जीएफपी २७ किलोडाल्टनचा, छिद्रांतून सहज झिरपतो, म्हणून दोन जोडलेत. औषधानंतर हा रिपोर्टर केंद्रकात गेला आणि तुझं प्रथिन गेलं नाही, तरच 'गेलं नाही' या वाक्याला अर्थ आहे.

एक रासायनिक गोष्ट राहिली. लेप्टोमायसिन गंधकाशी बांधतं म्हणून चालतं, तेव्हा माध्यमात डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल ही गंधकवाली रसायनं असता कामा नयेत. ते आधीच औषध खाऊन टाकतील.

ऋजुता_सूक्ष्म

मृण्मयीताई, तू म्हणा हो, प्लीज! मी आत्ताच सीआरएम१चा अनुक्रम उघडून ५३९वी जागा बघितली. थ्रिओनीनच आहे. सरांनाही दाखवलं, ते दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, 'बाटली फ्रीजरमध्ये जपून ठेव.'

आता टी५३९सी कसा मिळवायचा त्यावर याच. आणि माझं प्रथिन तिथेही हललं नाही, तर पुढे काय करू?

वसंत_पिंपरी

मुलींनो, मी निवृत्त माणूस आहे. पिंपरीला प्रतिजैविकांच्या कारखान्यात किण्वन विभागात उमेदीची वर्षं गेली. स्ट्रेप्टोमायसीसच्या टाक्या आम्ही सांभाळायचो, टाकीचं झाकण उघडलं की पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास यायचा. नावावरून वाटतंय की हे लेप्टोमायसिनही त्याच घराण्यातलं असावं. ते कुणाला सापडलं आणि त्याचा या सीआरएम१शी संबंध कसा लागला, हे सवडीने सांगाल का? माणसाला औषध म्हणून त्याचा उपयोग झाला का, तेही कळलं तर बरं.

मृण्मयी (डॅलस)

काका, तुमचा अंदाज बरोबर आहे, ते स्ट्रेप्टोमायसीसचंच. १९८३मध्ये टोकियोत तेरुहिको बेप्पू यांच्या गटाने बुरशीविरोधी प्रतिजैविक म्हणून लेप्टोमायसिन ए आणि बी वेगळी केली. तेव्हा निर्यात वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हतं. पाँबे यीस्टला दिलं की पेशी लांबलचक होऊन थांबायच्या, एवढं दिसत होतं.

दुसरीकडे क्योटोत मित्सुहिरो यानागिदा यांची लॅब पाँबेमध्ये गुणसूत्रांची रचना शोधत होती. त्यांना थंडी सहन न होणारे काही म्युटंट सापडले. तापमान उतरवलं की त्यांच्या केंद्रकातली गुणसूत्रं विचित्र, दोऱ्यांसारखी दिसायची. १९८९मध्ये आदाची आणि यानागिदा यांनी ते जनुक प्रसिद्ध केलं, तेच सीआरएम१. प्रथिन ११५ किलोडाल्टनचं, केंद्रकात आणि केंद्रकाच्या कडेला बसलेलं. 'कडेला' हा शब्द आज वाचताना अंगावर काटा येतो, कारण छिद्रं तिथेच असतात.

मग १९९२. याच लॅबमधल्या तोदा आणि सहकाऱ्यांना दिसलं की सीआरएम१ बिघडलं की पीएपी१ नावाचा जनुक-नियंत्रक मोकाट सुटतो आणि त्याच्या हुकमातलं एक २५ किलोडाल्टनचं प्रथिन भरमसाट तयार होतं. त्यांनी लिहिलं की सीआरएम१ हे पीएपी१ला लगाम घालतं. निरीक्षण अगदी खरं होतं. लगाम कसला, तर सीआरएम१ पीएपी१ला उचलून केंद्रकाबाहेर नेऊन ठेवतं, हे कळायला पुढची काही वर्षं गेली. बाहेर न्यायचं थांबलं की पीएपी१ डीएनएजवळच राहतो आणि जनुकं चालू करत बसतो.

१९९४मध्ये निशी, योशिदा आणि सहकाऱ्यांनी हे दोन धागे जोडले. लेप्टोमायसिन दिलेल्या पाँबे पेशी हुबेहूब सीआरएम१ म्युटंटसारख्या दिसत होत्या, आणि लेप्टोमायसिनला न जुमानणाऱ्या म्युटंटमधला बदल सीआरएम१मध्येच निघाला. म्हणजे १९९७ उजाडलं तेव्हा टेबलावर जनुक होतं, त्याला बंद करणारं औषध होतं, आणि एचआयव्हीच्या रेव्ह प्रथिनातून व पीकेआयमधून १९९५मध्ये ओळखलेले निर्यात-संकेतही होते. फक्त ते संकेत कोण वाचतं, हे माहीत नव्हतं. एका वर्षात चार-पाच गट एकाच उत्तरावर पोचले ते यामुळे. सगळ्यांत आधी कोण, या वादापेक्षा मला क्योटोतली ती दोऱ्यांसारखी गुणसूत्रं जास्त महत्त्वाची वाटतात. निर्यात शोधायला कुणी निघालंच नव्हतं, तरी नीट नोंदवून ठेवलेलं निरीक्षण पुढे सगळ्यांच्या कामी आलं.

औषधाबद्दल: लेप्टोमायसिन माणसांवर पहिल्या टप्प्यात तपासलं गेलं, पण फार विषारी निघालं, अन्नावरची वासना जायची आणि रुग्ण गळून जायचे. ते तिथेच थांबलं. पण कर्करोगाच्या पेशींमध्ये पी५३सारखी रखवालदार प्रथिनं सीआरएम१च्या वाटेने बाहेर काढली जातात, त्यामुळे तो दरवाजा बंद करण्याची कल्पना सोडली गेली नाही. त्याच सिस्टीनला, पण सुटू शकेल अशा बंधाने चिकटणारं सेलिनेक्सॉर हे औषध जुलै २०१९मध्ये अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या कर्करोगासाठी मंजूर झालं. काका, या औषधांचे रेणू खाचेत कसे बसतात त्याची स्फटिकचित्रं इथे डॅलसला यु मिन चूक यांच्या लॅबने काढली, आणि त्यासाठी वापरलं बेकरी यीस्टचंच सीआरएम१, ५३९व्या जागी सिस्टीन घातलेलं. ऋजुताला हवाय तोच बदल.

वसंत_पिंपरी

फार आभारी आहे. आम्ही टाक्यांमधून उत्पादन किती निघालं तेवढं मोजत राहिलो. त्या रेणूंनी कुठल्या खाचेत जाऊन काय केलं, हे आता वाचायला मिळतंय. ऋजुता, काम सोडू नकोस.

मृण्मयी (डॅलस)

ऋजुता, आता तुझे दोन प्रश्न.

टी५३९सीमध्येही प्रथिन हललं नाही तर पहिला संशय एमएसएन५वर घे. तोही केंद्रकातून प्रथिनं बाहेर नेतो, पण लेप्टोमायसिनचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याची खासियत अशी की तो बहुतेक फॉस्फेट लागलेली प्रथिनं उचलतो. ठरलेलं उदाहरण पीएचओ४ या जनुक-नियंत्रकाचं. माध्यमात फॉस्फेट भरपूर असलं की पीएचओ८०-पीएचओ८५ ही जोडी पीएचओ४वर फॉस्फेट चढवते, एमएसएन५ त्याला बाहेर नेतो. फॉस्फेटची टंचाई झाली की पीएचओ४ केंद्रकातच राहतो आणि पीएचओ५ जनुक चालू करतो. आरी कॅफमन आणि एरिन ओशे यांच्या गटाने १९९८मध्ये हे दाखवलं. एमएसएन५शिवाय यीस्ट जगतं, त्यामुळे डिलीशन संग्रहातला (एकेक जनुक काढलेल्या यीस्ट स्ट्रेनचा संग्रह) एमएसएन५ नसलेला स्ट्रेन घे, त्यात तुझं जीएफपी टाक आणि बघ. तुझं प्रथिन फॉस्फेट लागणारं असेल तर हे आधीच करून ठेव, लेप्टोमायसिनचा एक थेंबही खर्च होणार नाही.

बाकीचे दोन ठळक निर्यातदार तुझ्या कामाचे नाहीत: एलओएस१ टीआरएनए नेतो, सीएसई१ इम्पोर्टिन-अल्फाला, म्हणजे प्रथिनं आत नेणाऱ्या मदतनीसाला, परत बाहेर आणून देतो.

ल्युसीनच्या संकेताबद्दल एक सांगते. तसं दिसणारे तुकडे प्रथिनांमध्ये खूप सापडतात, आणि बरेचसे घडीच्या आत दडलेले असतात, सीआरएम१च्या हाती लागतच नाहीत. त्यामुळे त्या तुकड्यातली दोन-तीन ल्युसीन अ‍ॅलनीन करून तुझं प्रथिन बीवाय४७४१मध्येच बघ. संकेत खरा असेल तर बदललेलं प्रथिन औषधाशिवायच केंद्रकात साठेल. औषध आणि हा बदल दोन्ही एकच उत्तर देत असतील तर परीक्षक काहीही विचारू देत.

आता मायक्रोस्कोप. यीस्टची पेशी पाच मायक्रोमीटरची, केंद्रक दोनच्या आसपास, आणि शेजारी त्याहून मोठी रसधानी. जीएफपीच्या चित्रात रसधानीही काळीच दिसते. तू 'केंद्रकाच्या जागी काळसर डाग' लिहिलंस, तो नक्की केंद्रकच आहे ना? एचटीबी२ या हिस्टोनला एमचेरी जोडलेला स्ट्रेन मिळाला तर केंद्रक लाल दिसेल आणि प्रश्नच मिटेल. पेशी वायपीडीतून थेट बघू नकोस, ते माध्यमच चमकतं. सिंथेटिक माध्यमात, वाढ चालू असताना घे. आणि कव्हरस्लिपखाली पेशी फार वेळ ठेवू नकोस. ग्लुकोज संपलं की काही प्रथिनं आपणहून जागा बदलतात. एमएसएन२ हा जनुक-नियंत्रक ताण आला की लगेच केंद्रकात धावतो, आणि तुझं प्रथिनही तसंच वागत असेल तर औषधाचा परिणाम कुठला आणि उपासमारीचा कुठला, हे कळणारच नाही.

पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी याप१-जीएफपीही हाताशी ठेव. तो पीएपी१चाच बेकरी यीस्टमधला भाऊ. एरवी पेशीद्रवात असतो, कारण सीआरएम१ त्याला सतत बाहेर काढतं. ०.३ मिलिमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं की त्याच्यातल्या सिस्टीनांमध्ये बंध तयार होतात, निर्यात-संकेत झाकला जातो आणि तो केंद्रकात साठतो. हे तुझ्या आजच्या स्ट्रेनमध्ये, आजच करता येईल. तुझा मायक्रोस्कोप आणि तुझी नजर 'आत साठलेलं' ओळखते की नाही ते कळेल. एवढं लक्षात ठेव की पुढे डब्ल्यू३०३ या दुसऱ्या पार्श्वभूमीचा स्ट्रेन मिळाला तर त्यात वायबीपी१ हे जनुक बिघडलेलं असतं आणि पेरॉक्साइडला याप१ नीट उत्तर देत नाही. तिथे पेरॉक्साइडऐवजी डायअमाइड हे रसायन वापर. शिवाय डब्ल्यू३०३ला अ‍ॅडिनीन जास्त घाल, नाहीतर रसधानीत लाल रंगद्रव्य साठून तेही चमकतं.

ऋजुता_सूक्ष्म

ताई, याप१चं आजच करते. रसधानीचं मात्र कुणीच सांगितलं नव्हतं, जुनी चित्रं सगळी पुन्हा बघते.

टी५३९सी स्वतः करायचा झाला तर? सीआरएम१ तर जीवनावश्यक जनुक आहे, काढून टाकलं की पेशी मरणार. सर प्लाझ्मिड शफल म्हणाले, आमच्या लॅबमध्ये कुणी केलेलं नाही.

मृण्मयी (डॅलस)

सर बरोबर म्हणाले. पद्धत जुनी आहे आणि खात्रीची आहे.

डिलीशन संग्रहातून सीआरएम१ची एक प्रत काढलेला डिप्लॉइड (प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असलेला स्ट्रेन) घे, त्या जागी कॅनएमएक्स, म्हणजे जी४१८ या औषधावर जगू देणारं जनुक असेल. त्यात यूआरए३ मार्करच्या (युरासिलशिवाय वाढू देणारं जनुक) प्लाझ्मिडवर साधं सीआरएम१ घाल. बीजाणू करायला लाव, टेट्रॅड (चार बीजाणूंचा गट) फोड. जी४१८वर वाढणारी आणि युरासिलशिवायही वाढणारी वसाहत निवड. तिच्या गुणसूत्रावरचं सीआरएम१ गेलेलं आहे आणि ती प्लाझ्मिडच्या जिवावर जगतेय. आता ल्यू२ मार्करच्या दुसऱ्या प्लाझ्मिडवर टी५३९सी घाल. थ्रिओनीनचा कोडॉन सिस्टीनचा करायला किमान दोन अक्षरं बदलावी लागतात, प्रायमर काढताना बघून घे. शेवटी ५-एफओए असलेल्या प्लेटवर पसरव, नेहमीची मात्रा लिटरला एक ग्रॅम. यूआरए३चं प्रथिन एफओएचं रूपांतर विषारी फ्लुओरोयुरासिलमध्ये करतं, त्यामुळे ज्यांनी साधं सीआरएम१ असलेला प्लाझ्मिड टाकून दिला त्याच पेशी उरतात, म्हणजे टी५३९सीवर जगणाऱ्या. बाजूच्या प्लेटवर दुसरा प्लाझ्मिड रिकामा ठेवूनही कर, तिथे काही उगवता कामा नये. आणि तिसरीवर ल्यू२ प्लाझ्मिडमध्ये साधंच सीआरएम१ घालून कर, तो तुझा औषधासाठीचा कंट्रोल स्ट्रेन.

एफओएवर आलेल्या वसाहती युरासिल नसलेल्या प्लेटवर ठिपक्याने लावून बघ, वाढायला नकोत. मग लेप्टोमायसिन घातलेल्या अगदी छोट्या प्लेटवर दोन्ही स्ट्रेन शेजारी शेजारी लाव. साधं सीआरएम१ वाढलं आणि टी५३९सी थांबलं, तर तुझी बाटलीही तपासून झाली, शेजारच्या लॅबला हेला पेशी मागायला नकोत.

पीकेडब्ल्यू४३०चा मार्कर यूआरए३ आहे, म्हणून तो एफओएचं काम संपल्यानंतरच घाल.